मागच्या सीटचं वजन

दातांच्या डॉक्टरने गुडघे टेकून इंजिनाखाली मोबाइलचा उजेड पाडला आणि किडलेली दाढ सापडावी तसं जिभेने टक् केलं. पण सापडलं काहीच नव्हतं.

"तेलाचा थेंब नाही कुठे," तो खूश होऊन म्हणाला. "तीन सिलिंडर, एकशे वीसच्या वर हॉर्सपॉवर, क्लच न दाबता गिअर पडतो, वळणावर ब्रेक मारला तरी चाक सरकत नाही. आणि अंगावर प्लॅस्टिकचा तुकडा नाही, सगळं उघडं. यालाच नेकेड बाइक म्हणतात, ताई."

"माहीत आहे," ती म्हणाली. हे सगळं तिने चार वर्षं जेवताना ऐकलं होतं. तिचा नवरा लिफ्टची तपासणी करायचा. घरात मोजकंच बोलणारा माणूस, पण गाडीचा विषय निघाला की त्याला आवरणं कठीण.

ती गाडीच्या कागदांची फाइल छातीशी धरून गॅरेजच्या दारात उभी होती. नवरा जाऊन पाच महिने झाले होते. ही गाडी एक दिवस जीव घेईल असं सगळ्या नातेवाइकांनी बजावून ठेवलं होतं, आणि तो गेला तो ऑफिसच्या खुर्चीत, फॉर्म भरता भरता. गाडी तेव्हा खाली सावलीत उभी होती.

"किंमत तुम्ही रास्त लावलीय," डॉक्टर हात झटकत उठला. "नवी घ्यायची म्हणजे साडेबारा लाख. चार वर्षांपूर्वीसुद्धा अकराच्या खाली नव्हती."

"अकरा?" ती म्हणाली. "हे तर सहा म्हणाले होते."

गाडीची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीला अचानक तिच्या साखळीत फार रस वाटू लागला. तो खाली वाकून एकेक कडी निरखायला लागला.

सहा लाखांवरूनच तेव्हा घरात पंधरा दिवस अबोला होता. स्वयंपाकघराचा ओटा मधोमध तडकलेला, आणि या माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर पोराटोरांची गाडी दारात आणून उभी केली. वर तोंड करून म्हणाला, "तुझ्यासाठीपण आहे. मागे बस, फिरवून आणतो." तिने साफ नाही म्हटलं. ती उंच, निमुळती सीट पाहूनच ती दोन पावलं मागे सरली होती. पण भीती वाटते हे सांगण्यापेक्षा राग आलाय हे सांगणं सोपं होतं. पहिलं वर्षभर तो दर रविवारी विचारत राहिला. मग विचारायचा थांबला आणि एकटाच जाऊ लागला. याला आता आपली गरज उरली नाही, असं तिने तेव्हा मनाशी धरलं. ते मनातून कधी गेलंच नाही. गाडी विकायची घाई होती ती त्यामुळेच. पैशांची तशी नड नव्हती.

डॉक्टर गाडीवर बसला, दोन-चार वेळा जागच्या जागी उसळला आणि कपाळाला आठ्या घालून उतरला. वाकून त्याने मागच्या चाकापाशी पाहिलं.

"स्प्रिंग एवढी घट्ट का? ही तर दोन माणसांची लावलीय. साहेबांच्या मागे नेहमी कोणी बसायचं का?"

तिने फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गेल्या तीन वर्षांतले सगळे रविवार तिच्या डोळ्यांपुढून सरकले. सकाळी निघायचा, दुपारी यायचा, हात-पाय धुऊन पालथा पडायचा. पाठ दुखते म्हणायचा. ती मलम चोळायची आणि बडबडायची, या वयात हे धंदे सांगितलेत कोणी.

"मिस्त्री," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "कोण बसायचं?"

"अहो, भलतंच काय वहिनी!" मिस्त्री ताडकन उठला. त्याने मागचा फूटरेस्ट बोटाने खाली ओढून तिला दाखवला. रबरावर साच्यातून निघताना राहतात ते बारीक केस अजून तसेच उभे होते. "हे बघा. पाय लागला असता तर हे केस दोन दिवसांत झिजले असते. इथे कोणी बसलेलं नाही. कधीच नाही."

"मग दोघांची कशी?"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"नवी गाडी पहिल्यांदा इथे आली की आम्ही गिऱ्हाइकाचं वजन विचारतो. एकटे बसणार की दोघं, त्यावर मागची स्प्रिंग लावून देतो. साहेबांनी दोघांची लावून घेतली. एकट्याला ती फार कडक पडते, वहिनी. खड्ड्याचा दणका थेट पाठीत. दर सर्व्हिसिंगला मी म्हणायचो, साहेब, मागे कोणी बसत नाही, पाठीची वाट लागेल, सैल करतो, दोन मिनिटांचं काम आहे. तर म्हणायचे, लिफ्ट दिवसभर रिकामी फिरली तरी तिचे दोर भरलेल्या लिफ्टच्या हिशेबाने लावतात. ऐन वेळी माणूस दारात आल्यावर त्याला थांब म्हणायचं का? राहू दे तशीच."

"वजन किती सांगितलं माझं?"

"आता ते..." मिस्त्री चाचरला.

"सांगा."

"म्हणाले, ती अठ्ठावन्न सांगते. तुम्ही चौसष्ट धरा."

तिला एकदम हसू फुटलं. लग्नापासून ती अठ्ठावन्नच सांगत आली होती, आणि त्याने एकदाही ते खोडलं नव्हतं. हसता हसताच तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिने फाइल तोंडापुढे धरली. पाच महिन्यांत चारचौघांत ती पहिल्यांदाच रडत होती, आणि तेही गॅरेजमध्ये, एका परक्या डॉक्टरसमोर.

डॉक्टरने चक्कर मारायला घेतलेलं गॅरेजचं हेल्मेट हळूच टेबलावर ठेवलं.

"मी नंतर फोन करतो, ताई," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, फाइल टेबलावर ठेवली आणि गाडीजवळ आली.

"यावर चढतात कसं? आधी कुठला पाय?"

"डावा. या फूटरेस्टवर ठेवा आणि माझ्या खांद्याला धरा. भिऊ नका, गाडी मी धरलीय."

ती चढली. मागच्या सीटवर बसल्यावर जमीन तिला वाटली होती तेवढी दूर नव्हती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिने ते पुढच्या सीटवर टेकवले.

"चक्कर मारून आणू, वहिनी?" मिस्त्रीने हलक्या आवाजात विचारलं. "मी पुढे बसतो."

"नको," ती म्हणाली. "पुढे कोणी बसू नका."