झाकणभर औषध

"ताप आल्यापासून काही औषध दिलं होतं का? नीट आठवून सांगा," डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. काहीच नाही," ऋतिका म्हणाली.

तिच्या मागे तिची सासू कमळा उभी होती. हर्णे बंदरावर मासळीच्या लिलावात दहा जणांचा आवाज खाली पाडणारी बाई, पण आता ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

दहा महिन्यांच्या सलोनीला सकाळी तापात झटका आला होता. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि दोन मिनिटांत सगळं थांबलं. आता ती आईच्या कडेवरून डॉक्टरांची नळी ओढू पाहत होती.

"तापाचा झटका आहे, लहान मुलांना येतो," डॉक्टर म्हणाल्या. "डोक्याचा फोटो नको, मेंदूचा आलेख नको. अँटिबायोटिक पोटात गेलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्याने मेंदूज्वर झाकला जातो, मग पाठीतलं पाणी काढून बघावं लागतं. तुम्ही थोडं थांबा आणि घरी जा."

ऋतिकाने सुटकेचा श्वास टाकला. थोरल्या नातवाचं उरलेलं गुलाबी अँटिबायोटिक कमळाने सुनेच्या चोरून दोन दिवस पाजलं होतं. 'विचारल्याशिवाय काही देऊ नका हां, आई,' असं सुनेने सतरांदा बजावलं होतं. आता बोललं तर एवढ्याशा पाठीत सुई, आणि आपण सुनेच्या मनातून उतरणार. गप्प बसलं तर तासाभरात घर. मोह काही थोडाथोडका नव्हता.

"डाक्टरीणबाय, थांबा वायच," ती म्हणाली. "मी दिलाय औषद. थोरल्याचा उरलेला, गुलाबी अँटिबायटिक. झाकणभर, काल नि परवा."

"आई!" ऋतिका गर्रकन वळली.

"चुकला माजा. पोरीचा अंग नुसता भाजत व्हता गो. माजा जीव ऱ्हवला नाय."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत. आता पाणी तपासायलाच हवं," एवढंच म्हणाल्या. ऋतिकाने संमतीपत्रावर सही केली. सासूकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

पाऊण तासाने सलोनी रडून रडून झोपली. पाणी स्वच्छ दिसत होतं, रिपोर्ट यायचा होता, तोवर मुक्काम इथेच. कमळा दाराशी उकिडवी बसली होती. तिला आत या म्हणायला कोणी नव्हतं, आणि तिची तशी अपेक्षाही नव्हती.

नर्स फॉर्म घेऊन आली. "घरात आणखी कुणाला लहानपणी असा झटका आला होता का?"

ऋतिकाने मान न वळवता उत्तर दिलं, "माझ्या सासूबाईंना विचारा. त्या खरं सांगतील."

कमळा उठली. तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि आत आली.

"हिच्या बापसाला," ती म्हणाली. "दोनदा. लिवा."