दारात न मावणारं टेबल

गोरा साहेब विलायतेला गेला आणि कॅम्पातल्या त्याच्या बंगल्यात आमचं वाचनालय आलं. ज्या दालनात तो काट्यानं कोंबडी टोचायचा, तिथे आम्ही पेन्शनर वर्तमानपत्राच्या पानांवरून भांडू लागलो. वीसेक वर्षं सुखात गेली. मग एका बड्या अधिकाऱ्याला तिथे पाहुण्यांसाठी विश्रामगृह करायची हुक्की आली.

"शनिवारी तुमचं सामान बाहेर निघालं, की मी कुलूप लावणार," तो ग्रंथपाल सुनीतीबाईंना म्हणाला. "आणि हो, दारांना ओरखडासुद्धा चालणार नाही."

"सगळं सामान निघाल्यावरच कुलूप ना?"

"अर्थात!"

"मग शनिवारी या."

वाचनाचं लांबलचक टेबल आमचं, गेनबा सुतारानं घडवलेलं. दारातून ते जेमतेम जायचं. बाईंनी गेनबाला बोलावलं आणि एक ते चारच्या बंद वेळात ठोकाठोक सुरू झाली. आता पुण्यात भर दुपारी खिळा ठोकायचा म्हणजे! शेजारचे यज्ञेश्वरराव डोळे चोळत आलेच.

"अहो, माणसांना झोपू द्याल का?"

"वाचनालय बंद करताहेत. म्हणून टेबल वाढवतोय," बाई म्हणाल्या.

राव तरातरा घरी गेले आणि हातोडी घेऊन परत आले. मागोमाग अख्खा रस्ता, प्रत्येकाच्या काखेत फळी. एकानं तर बायको झोपलेली असताना पलंगाची काढून आणली.

शनिवारपर्यंत टेबल लांबीरुंदीला असं फोफावलं, की या टोकाचं वर्तमानपत्र त्या टोकाला पोचेतो शिळं व्हायचं. खोटं वाटतंय? वाटू द्या.

हमालांनी ते आडवं धरलं, तिरकं धरलं. टेबल काही दारातून निघेना.

"करवत आणा!" अधिकारी गरजला.

आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो आणि कोपरं टेकली.

"आणा की," यज्ञेश्वरराव म्हणाले. "सुरुवात माझ्या कोपरापासून करा. फक्त एवढा अग्रलेख संपू दे."

"उठा म्हणतो ना!"

सुनीतीबाईंनी भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवलं. "वाचक बसलेत. आपण बाहेर जाऊन ओरडा."

गेला बाहेर. तिथे मात्र ओरडला नाही.

आता नवा अधिकारी आलाय. दारं रुंद करणार आहे म्हणे. करू दे. गेनबानं फळ्या आणून ठेवल्यात.