कोपऱ्यातल्या खोलीतली बरणी

मी लोणच्याची एक जुनी बरणी आहे, आणि मित्रांनो, माझा सहसा कोणावर विश्वास बसत नाही.

तुमच्या घरच्या बरणीत लोणच्यावर तेलाचा थर असतो. माझ्यात तेलाचा थेंब पडला तरी घात होतो. माझ्या पोटात फक्त खारं पाणी आहे, चीनमधल्या आमच्या झिगोंग गावच्या खाऱ्या विहिरींमधल्या मिठाचं. त्यात मुळा, आलं, लांब शेंगा, लाल मिरच्या आणि तुमच्या तिरफळासारखे जीभ बधिर करणारे दाणे मुरतात. माझ्या गळ्याभोवती एक पन्हळ आहे. तिच्यात पाणी भरायचं आणि वाडग्यासारखं झाकण त्या पाण्यात पालथं घालायचं. आत तयार होणारा वायू बुडबुडा होऊन बाहेर पडतो. बाहेरची हवा मात्र आत शिरू शकत नाही. म्हणजे संशय माझ्या घडणीतच आहे.

मी भट्टीतून बाजारात आले तेव्हा पहिला संशय माझ्यावरच घेतला गेला. एका ठेंगण्या बाईने माझ्या पोटात जळता कागद टाकला, झाकण घातलं आणि पन्हळीत पाणी ओतलं. आतली हवा थंड होताच ते पाणी सुर्रकन आत ओढलं गेलं. "कुठे भेग नाही," ती दुकानदाराला म्हणाली. "एकदा पारखली, आता शंका नाही."

त्या बाईचं चार खोल्यांचं स्वस्त लॉज होतं. खाली गान आजोबांचं मऊ टोफू आणि भाताचं दुकान, वर आम्ही. दिव्यांच्या जत्रेच्या दिवसांत मोठी हॉटेलं न परवडणारे प्रवासी आमच्याकडे उतरायचे. खालून टोफू आणायचे, बाजारातून सशाचं तिखटजाळ मटण आणायचे आणि त्यासोबत माझा मुळा कुरकुर चावत खायचे. "खोली छोटी आहे, पण मुळा काय आहे!" असं मी पुष्कळदा ऐकलं. ठेंगणी बाई सकाळी पन्हळ भरायची, कोरड्या काड्यांनी हवं तेवढं काढायची आणि झाकण ठेवायची. ती माझी सुखाची वर्षं.

ती गेल्यावर लॉज तिच्या सुनेकडे, लुओ मावशींकडे आलं. लुओ मावशी कष्टाळू होत्या, पण पाहुणा बाहेर पडला की त्याच्या खोलीतला साबण जागेवर आहे ना, ते त्या आधी पाहायच्या. त्यातच गल्लीच्या टोकाला एक झगमगीत लॉज उघडलं आणि तिथेही मुरलेला मुळा मिळतो, अशी बातमी आली.

"आपलंच पाणी कोणीतरी चोरून नेलं असणार," मावशी म्हणाल्या. "सासूबाईंच्या वेळचं मुरलेलं पाणी आहे ते, त्यानेच मुळ्याला चव येते. गेलं तर पुन्हा कुठून आणू?"

"अहो मावशी, मुळा काय फक्त तुमच्याच घरी मुरतो?" गान आजोबा हसले. "उद्या म्हणाल, मीठही तुमचंच!"

मावशी हसल्या नाहीत. मीही नाही.

अशा दिवसांत त्सुई निंग आली. उत्तरेकडची, शांतुंगची मुलगी. जत्रेसाठी दिव्यांच्या सांगाड्यांवर रेशीम ताणून चिकटवायचं काम तिला मिळालं होतं. स्वयंपाकघराला लागून असलेली कोपऱ्यातली खोली सगळ्यात स्वस्त, म्हणून तिने ती घेतली. सकाळी ती तळलेली पिठाची कांडी खात माझ्याजवळ उभी राहायची. तेलाने चमकणारी तिची बोटं पाहून माझा जीव घाबरा व्हायचा. वर तिचे प्रश्न: पाणी किती जुनं? मीठ कुठलं? मला ती मुळीच आवडली नाही.

मावशींना तर चोर हीच, अशी खात्रीच पटली. त्या येता-जाता माझं झाकण उचलून पाहू लागल्या. पाणी कमी झालं का? मुळे हलले का? भाजी चिरताना पाहायच्या, चहा ठेवताना पाहायच्या.

आणि एके दिवशी माझ्या पाण्यावर पांढरी साय धरली. वासही बिघडला. मावशींचा चेहरा पडला.

"काही हातच असे असतात, मावशी," गान आजोबा जिन्यातून म्हणाले. "लागले की बरणी नासते. माझी आजी सांगायची."

त्याच संध्याकाळी निंग कामावरून आली आणि तांब्या घेऊन माझ्यावर वाकली. काय ओततेय ही? मी धास्तावले. तेवढ्यात मावशी दारात आल्या.

"सापडलीस! काय टाकत होतीस त्यात?"

"पाणी, मावशी. पन्हळ कोरडी पडली होती."

"आणि साय? तीही पाण्यानेच आली? तेलकट हात घालून सासूबाईंची ठेव नासवलीस. उद्या सकाळी खोली रिकामी कर!"

निंगचा तांब्या हातातच राहिला. जत्रा तोंडावर आली होती. गावातल्या खोल्यांचे भाव तिच्या मजुरीच्या पार वर गेले होते. खोली गेली तर कामही जाणार होतं.

"मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुमच्या बरणीत कधी हात घातलेला नाही. पण माझी उशी या भिंतीला आहे. झाकण उचललं की खण्ण वाजतं. मी घरात असते तेव्हा पुन्हापुन्हा वाजत असतं, आणि हात माझा नसतो. चोर येईल म्हणून तुम्ही दार सारखं उघडून बघताय. हवा आत गेली ती त्याच दारातून."

मावशींनी माझ्या झाकणाकडे पाहिलं. मीही विचार केला. तेल? एक थेंबही पडला नव्हता. प्रत्येक खण्ण आवाजाबरोबर मात्र ताजी हवा आत आली होती, आणि सायीला वाढायला हवाच लागते. मी तेलकट बोटांवर डोळे लावून बसले, आणि घात मात्र स्वच्छ हातांनी होत होता.

"तोंडाची भारी तिखट आहेस गं," मावशी म्हणाल्या. "शांतुंगात मिरच्या खात नाहीत म्हणे?"

"इथे येऊन शिकले."

मावशींनी साय अलगद काढली, मूठभर मीठ घातलं, साय पुन्हा धरू नये म्हणून थोडी कडक दारू ओतली, पन्हळ काठोकाठ भरली. मग मला दोन्ही हातांनी उचललं आणि कोपऱ्यातल्या खोलीत, निंगच्या उशाशी नेऊन ठेवलं.

"जत्रा संपेपर्यंत ही इथे राहील," त्या म्हणाल्या. "माझा हात स्वस्थ राहत नाही. मी मागितली तरी मला उघडू देऊ नकोस."

एकदा त्या खरंच आल्या. "नुसती बघते गं."

"नाही, मावशी," निंग आतूनच म्हणाली. त्या पुटपुटत परत गेल्या. निंग पन्हळ भरत राहिली. एका सकाळी माझ्या कडेला बुडबुडा फुटला, मग दुसरा.

जत्रा संपल्यावर मावशी कोरड्या काड्या घेऊन स्वतःच्याच लॉजमधल्या कोपऱ्यातल्या खोलीच्या दारावर टकटक करत उभ्या राहिल्या. "येऊ का?" पाणी स्वच्छ होतं. पहिला मुळा त्यांनी निंगला दिला. तो कुरकुर वाजला.

मित्रांनो, माझ्यासारखी बरणी तुमच्या ओळखीची असेल, तर तिची पन्हळ कोरडी पडू देऊ नका, आणि काड्या कोरड्या ठेवा. पारखायचं असेल तर जळता कागद टाकून नीट पारखा, पण एकदाच. मग झाकण ठेवा आणि हात मागे घ्या. आतला बुडबुडा बाहेरूनही ऐकू येतो.