दांडीच्या मंजुळाबाईंचं नाक आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी मलमाची ट्यूब आहे, पण साधीसुधी नाही. चामडीचा कॅन्सर मी जागच्या जागी जाळते! अख्ख्या पालघर तालुक्यात मला तोड नव्हती. अजून जाळला मात्र एकही नाही. का, ते ऐका. ऐकताना राग आला तर येऊ द्या, मलाही येतो.

साल सदुसष्ट. समुद्रकाठच्या दांडी गावच्या मंजुळाबाईंनी जन्मभर उन्हात बोंबील वाळवले. त्यांच्या नाकावर फोड आला, तो बरा होईना. मुंबईला तपासलं तर कॅन्सर निघाला. बोईसरच्या डॉक्टरांनी खटपट करून मला मिळवलं. आणखी पाच ट्यूबा लागणार होत्या, आणि नमुना बघितल्याशिवाय मंजुरी नाही. म्हणून मला न उघडताच तालुक्याच्या पाच जणांच्या औषध-मंजुरी समितीपुढे नेलं.

अध्यक्ष कमलाकांतरावांनी मला उलटंपालटं केलं.

"हे पितात?"

"नाही, लावतात," डॉक्टर म्हणाले.

"टोचतात?"

"लावतात, साहेब. नाकाला."

"तोंडाला लावायचं ते औषध कसलं? स्नो झाला हा!"

मंजुळाबाई उसळल्या, "स्नो? बोंबील वाळवायला मी स्नो लावून बसते काय रे बाबा? नाक जाईल माजं!"

"बाई, नाक सगळ्यांनाच आहे. उद्या सगळेच मागतील."

तिकडे तारापूरला अणूतून वीज काढायला निघाले होते, आणि इथे पाच शहाण्यांना मलम कळेना!

डॉक्टरांनी तीन महिने खेटे घातले. फोड चार आण्याएवढा झाला. शेवटी समितीनं डोकं चालवलं. औषधांच्या खात्यातून नको, महिला कार्यक्रमाच्या खात्यातून घेऊ! माझ्या पाच बहिणी आल्या. आम्हा सहाजणींना फण्या-रिबिनींच्या कपाटात ठेवलं. डॉक्टरांना निरोप गेला, सोमवारी या.

मित्रांनो, औषध गिळतात की लावतात ते मागाहून बघा. आधी ते कुणाला हवंय ते विचारा!

रविवारी संक्रांत होती. समितीचं हळदीकुंकू होतं. शिपाई चिंधूनं कपाट उघडलं आणि तो घुटमळला.

"बाई, ह्या ट्यूबा त्या डॉक्टरांच्या हायत ना?"

"महिलांच्या कपाटातल्याच ना?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"हा, हायत त्यातल्याच."

"मग वाट की!"

आम्ही सहाजणी वाण म्हणून सहा घरी गेलो. मी अध्यक्षीणबाईंच्या टाचांच्या भेगांत संपले. मंजुळाबाई विधवा. त्यांना बोलावणंच नव्हतं.