दोन कागदांचं पोस्टर

काळ्या पडद्यावर पांढरे आकडे सरसर चढत गेले आणि पुन्हा अर्ध्यावरच थांबले.

"एकशे अठ्ठावीस," अयूब पुटपुटला. "दोनशे छप्पनची पट्टी टाकली न बे तुह्यात. बाकीचे कुठी गेले?"

त्यानं कॉम्प्युटरचं मशीन बंद केलं. डब्याची बाजू उघडली, मेमरीची पट्टी उपटली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, फुंकर मारली आणि ती शेजारच्या खाचेत दाबून बसवली. बटण दाबलं. आकडे धावले. पुन्हा तिथंच येऊन ठेपले. सकाळपासून हेच चाललं होतं.

"अजी, उस डब्बे को कबतक सताओगे?" आतून बायकोचा, सुलतानाचा आवाज आला. "रोटी ठंडी हो गई."

तो जेवायला उठला नाही. संध्याकाळच्या बसनं पोस्टरची सीडी नागपूरच्या प्रेसला जायची होती, आणि नाटक कंपनीचे मालक गुणवंतराव दुकानातल्या बाकावर पाय हलवत बसले होते. शंकरपट तोंडावर आला होता. बैल दिवसा पळतात आणि रात्री माणसं नाटकाला बसतात. पोस्टर लागलं नाही तर मंडपात कोण येणार?

चामोर्शीत नाटकांचे फलक वर्षानुवर्षं अयूबच्या ब्रशानं रंगले होते. मग फोटोंची पोस्टरं आली, आणि रंगवलेल्या फलकाखालून माणसं मान वर न करता जाऊ लागली. तेव्हा त्यानं कोरपन्याकडच्या एका लिलावातून हे जुनं मशीन उचललं आणि चाळिशी उलटल्यावर माऊस धरायला शिकला. आजवर भागलं. पण यंदाच्या पोस्टरवर मोठमोठे दोन चेहरे होते. एक नागपूरची नवी नटी, दुसरी कंपनीची जुनी रीताबाई. एक चेहरा ठेवला की मशीन चाले. दुसरा ठेवला की बाण जागीच गोठे आणि मेमरी अपुरी पडल्याची पाटी येई. म्हणून तर कालच ही मोठी पट्टी बसवून घेतली होती.

"अयूबभाऊ, काऊन एवढा जीव काढून राह्यला?" गुणवंतराव म्हणाले. "एक फोटो काढून टाक न."

"कोन्ता?"

"आता हेबी मीच सांगू? लोकं नवी पोरगी पाहाले येतीन. रीताबाईचं नाव टाक खाली मोठ्या अक्षरात. नावाचं काय वजन पडते मशीनले!"

अयूबनं पडद्यावरच्या रीताबाईकडं पाहिलं. थंडी पडली, धान खळ्यावर आलं, की त्याच्या ब्रशातून पहिली उतरायची ती रीताबाईच. डावी भुवई जरा चढलेली, ओठ मिटलेले, पण आता बोलतील असे. त्याला ठाऊक होतं, पोस्टरवरून उतरलेली नटी पुढच्या हंगामात नाटकात कुणाची तरी आई होते, त्याच्या पुढच्यात शेजारीण, आणि मग तिला कुणी प्रयोगाची तारीखच विचारत नाही.

दुपार कलताना गडचिरोलीहून प्रवीण आला. पट्टी त्यानंच बसवली होती.

"चाचा, पट्टी चांगली हाय. माह्या मशीनवर पूर्ण दाखवली होती."

त्यानं नवी एकटी लावून पाहिली, जुनी एकटी लावून पाहिली, खाचा बदलल्या. अयूब टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत येरझारा घालत राहिला. शेवटी प्रवीणनं दोन्ही पट्ट्या दाराच्या उजेडात धरल्या. जुनीच्या पाठीपोटी दोन्हीकडे काळ्या चिपा होत्या. नवीच्या एकाच अंगाला.

"आता समजलं," तो म्हणाला. "नव्या पट्टीच्या एकेका चिपमधी लई भरलं हाय. तुमचा बोर्ड जुना. त्याच्या काळात एवढ्या भरलेल्या चिपा नव्हत्याच. तो अर्धंच मोजते न् थांबते."

"मंग बिघडलं कोन?"

"कोनीच नाई. दोन्ही पाठीपोटी चिपा असलेली पट्टी पाह्यजे. नागपूरहून मागवा लागन. आठवडा तं जाईनच."

"मंग ठरलं," गुणवंतराव उठले. "काढ तो फोटो."

अयूब बाहेर ओट्यावर गेला, तसाच आत आला, पुन्हा बाहेर गेला. समोरच्या भिंतीकडे पाहत उभा राहिला. मोठा फलक असला की तो कधी एका पत्र्यावर रंगवत नसे. दोन पत्रे जमिनीवर वेगवेगळे रंगवायचे आणि वर चढवताना जोडायचे.

"दोन कागदं करतो," तो दारातूनच म्हणाला. "एकावर नवी पोरगी, एकावर रीताबाई. मशीनले एका वेळी एकच फोटो उचलावा लागन. भिंतीवर बाजूबाजूले लावले की झालं एक पोस्टर."

"न् नाटकाचं नाव, गाव, तारीख?"

"पोरीच्या कागदावर."

गुणवंतराव हसले. "तू बी बावा झक्कीच हायेस. कर. पन बस चुकली तं पाह्य मंग."

बस चुकली नाही. मशीन कुरकुरलं, पण दोन्ही कागद एकामागून एक झाले. नव्या नटीच्या पाठीशी रीताबाई उभी. तिचा अर्धा खांदा पहिल्या कागदाच्या काठावर येत होता आणि उरलेली ती दुसऱ्यावर.

पोस्टरं छापून आली. बाजाराच्या दिवशी अयूब भाजीला निघाला आणि बसस्टँडच्या भिंतीपाशी थबकला. एकच कागद होता. धान्याच्या गोदामावरही एकच. शाळेच्या कुंपणावरही. नाव, गाव, तारीख सगळं त्या एका कागदावर आलं होतं. लावणाऱ्यांना दुसऱ्याची गरजच भासली नव्हती. नवी नटी हसत होती आणि तिच्या मागं, काठावर, कुणाचा तरी अर्धा खांदा.

तो कंपनीच्या टेम्पोपाशी गेला. दुसऱ्या कागदांचा गठ्ठा सुतळीसकट तसाच पडला होता. त्यानं तो खाली ओढला, खळीची बादली उचलली आणि बसस्टँडकडं निघाला.

खळ लावून तो कागद चढवत होता, तेव्हा मागून आवाज आला.

"भाऊ, वाकडं होऊन राह्यलं."

रीताबाई. खांद्यावर शाल, हातात वांग्यांची पिशवी. तिनं आधी चिकटलेल्या कागदाकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या.

"दोन कागदं काऊन केले?"

"मशीन जुनी हाय. एकावर मावत नव्हतं."

"कोन मावत नव्हतं?"

अयूबनं ब्रश बादलीत बुडवला. बराच वेळ ढवळत राहिला.

तिनं पिशवी भिंतीशी टेकवली, शाल खोचली आणि कागदाचा खालचा कोपरा धरला.

"जरा वर घ्या. खांद्याले खांदा लागू द्या."

त्यानं वर घेतला. बाजारातली माणसं जाता जाता भिंतीकडं बघत होती, मग तिच्याकडं, मग पुन्हा भिंतीकडं.

"सोडू काय?" तिनं विचारलं.

"थांबा, बाई. धरू द्या खळीले."

ती थांबली. रस्त्याकडं तोंड करून, कागदावरच्या आपल्याच हनुवटीवर अंगठा दाबून उभी राहिली.