कॅप्टनच्या खोलीतली खुर्ची

ऑल्डरकोटच्या हवेलीत खुर्च्यांवर ‘बसू नये’ अशी पाटी आम्ही लावत नाही. गादीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवतो. शहाण्याला ते पुरतं, अतिशहाण्याला बसल्यावर कळतं. चौदा वर्षं मी आठवड्यातून तीन दिवस, फुकट, हवेली बघायला येणाऱ्यांना खोली दाखवायचं काम करते आहे. छातीवर बिल्ला, त्यावर नाव, बेरिल. तीनशे वर्षांचं घर, छतावर सोन्याची नक्षी, आणि लोक मला पहिलं विचारतात ते स्वच्छतागृह कुठे आहे.

माझ्याकडे बैठकीची खोली. शेजारची, कॅप्टनची खोली, माझा नवरा क्लिफर्ड सांभाळायचा. या घराण्याचा एकुलता एक मुलगा, कॅप्टन रुपर्ट, एकोणीसशे सोळा साली फ्रान्समध्ये लढाईत पडला. त्याच्या आईनं खोली होती तशीच ठेवली: पलंग, बूट, खिडकीपाशी खुर्ची. क्लिफर्ड ते सगळं असं सांगायचा की बायका रुमाल काढायच्या.

घरी मात्र तो मिठाची गुळणी धरून बसायचा. आमचाही एकच मुलगा होता, एड्रियन. एकोणीस वर्षांचा असताना मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला बत्तीस वर्षं झाली. त्या सकाळी मी त्याला चिखलाच्या बुटांवरून नको नको ते बोलले होते. तो दार आपटून निघाला आणि पुलाच्या वळणावर संपला. क्लिफर्डनं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. मला दोष द्यायला नको म्हणून गप्प राहतो, असं मी समजत होते. त्याबद्दल मनातल्या मनात त्याचे उपकार मानत होते.

दोन वर्षांपूर्वी तो विसरायला लागला. आधी चष्मा, मग रस्ते, मग माझा चेहरा. मी चहा पुढे केला की म्हणायचा, “आभारी आहे हं, बाई. आमची बेरिल कुठे गेली?” पण बिल्ला लावून त्या खोलीत उभा केला की माणूस ताठ व्हायचा. तेवढीच एक जागा उरली होती जिथे माझा नवरा मला दिसायचा. ती जाऊ नये म्हणून मी त्याचा आजार सगळ्यांपासून लपवला. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं.

सप्टेंबरात हवेलीची व्यवस्थापक फिलिपा मला चहाच्या खोलीत घेऊन गेली. माझ्या निम्म्या वयाची, पण गोड बोलून नकार देण्यात पटाईत.

“बेरिल, तक्रारी आल्यात. कॅप्टन मोटारसायकलवरून पडून गेला, असं क्लिफर्ड सांगतात लोकांना.”

“सैन्यात तेव्हा मोटारसायकली होत्या की,” मी म्हणाले.

“ते त्याला एड्रियन म्हणतात, बेरिल.”

मधलं दार गार वारा येऊ नये म्हणून बंद असायचं, त्यामुळे मला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. घरात बत्तीस वर्षं न उच्चारलेलं नाव तो कुणाही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

“हंगाम संपेपर्यंत राहू देत,” फिलिपा म्हणाली. “ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. पुढच्या वर्षी मात्र नको.”

त्या रविवारी पाऊस कोसळत होता. तीननंतर चिटपाखरू फिरकलं नाही. हवेली हिवाळ्यापुरती बंद करताना प्रत्येक वस्तूवर पांढरी चादर घालायची असते. मी माझी खोली झाकली, बिल्ला काढून ठेवला आणि उरलेल्या चादरी घेऊन कॅप्टनच्या खोलीत गेले.

“या, या,” क्लिफर्ड म्हणाला. “एवढ्या पावसात आलात?”

अरे, मी आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी खिडकीपाशी गेले, खुर्चीवरचं बोंड उचललं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले.

“या मुलाचं काय झालं?” मी विचारलं.

“ब्रेक,” तो म्हणाला. “माझं गॅरेज होतं. सकाळी तिथे आला, हसत होता. म्हणाला, आई बुटांवरून पेटलीय, संध्याकाळी तिला मासे आणि बटाट्याच्या चिप्स घेऊन जातो, म्हणजे विझेल. आणि म्हणाला, बाबा, ब्रेक ढिला लागतोय. मी दुसऱ्याचं इंजिन खोलून बसलो होतो. म्हटलं, उद्या बघू, आज जपून जा.”

“घरी सांगितलंत हे?”

“नाही. बायको म्हणत राहिली, माझ्यामुळे रागानं गेला. मी तिला म्हणू दिलं.” तो कॅप्टनच्या बुटांकडे बघत होता. “पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. मग वर्ष झालं. मग कुठल्या तोंडानं सांगणार? ती पलीकडच्या खोलीत असते. चांगली बाई आहे. तिला सांगू नका.”

खरं सांगते, त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बत्तीस वर्षं त्या आपटलेल्या दाराचा आवाज ऐकत मी झोपले, आणि हा शेजारी पडून होता. माझं पोर हसत गेलं होतं. माझ्यासाठी खायला आणणार होतं. पण ज्याच्याशी भांडायचं तो क्लिफर्ड आता होता कुठे? समोर एक भला म्हातारा उभा होता आणि माझ्या उत्तराची वाट बघत होता.

“नाही सांगणार,” मी म्हणाले.

त्याला हायसं वाटलं. मग त्याचं लक्ष खुर्चीकडे गेलं. “बाई, तिथे बसायला मनाई आहे हो.”

मी उठले. बोंड मी मुठीत इतकं आवळलं होतं की तळव्यातून रक्त आलं होतं. त्यानं ते माझ्या हातातून अलगद सोडवलं आणि गादीच्या बरोबर मधोमध ठेवलं. मी चादर उलगडली. दोन टोकं त्यानं धरली, दोन मी. चादर तिरकीच जात होती.

“थांबा,” तो म्हणाला, “बायकोला बोलावतो. तिला हे छान जमतं.”

त्यानं टोकं सोडली, मधलं दार उघडलं आणि रिकाम्या खोलीत हाक मारली, “बेरिल! अगं बेरिल, जरा ये ना इकडे.”

मी माझी दोन टोकं धरून उभी राहिले.