पहिल्या नंबरचं बटण

बायकोने माझ्या शिलाईच्या टेबलाचा खण साफ करायला घेतला आणि एक तपकिरी बटण नाकासमोर धरलं. "हे एकटंच कशाला ठेवलंय? टाकू?"

"अजिबात नाही. मी बटणं जमवतो."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, पण थाप मारताना माप चुकलं. एका बटणाला कुणी संग्रह म्हणत नाही. मग काय, लागलो कामाला. शेजारीपाजारी, लॉन्ड्री, जुन्या कपड्यांचा बाजार, सगळीकडे हात पसरले. पंधरा दिवस नुसती कटकट. सोळाव्या दिवशी एक शिंपल्याचं बटण मिळालं आणि मी ताटावरून उठून ते उजेडात फिरवत बसलो. "वेड लागलंय," बायको म्हणाली. लागलंच होतं. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

नव्याण्णव बटणं झाल्यावर पुठ्ठ्यावर टाचून वाचनालयाच्या छंद प्रदर्शनात मांडली. प्रत्येकाखाली माहिती लिहिली. पहिला नंबर तपकिरी बटणाचा; त्याच्याखाली काही लिहिलं नाही. ते दादाच्या कोटाचं. अकरा वर्षांपूर्वी त्याने आईचं शिलाई मशीन मला न विचारता विकलं, तेव्हा मी त्याला कोटाला धरून गदागदा हलवलं होतं. बटण माझ्या हातात राहिलं, तो निघून गेला. कोट मीच शिवलेला, त्यामुळे बटण तुटल्याचा राग वेगळा. दादाची आठवण रोज यायची. पण आधी बोलायचं कुणी? मी तर मुळीच नाही.

बटण कुणाचं ते बायकोने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तिने दादाला परस्पर बोलावलं. आला, तोच कोट घालून. मधल्या बटणाची जागा मोकळी. पुठ्ठ्यापुढे वाकला.

"हे माझंय."

"वस्तूंना हात लावू नये. पाटी लावलीय."

त्याने निमूट हात मागे घेतला. केस पार पिकले होते. मला राहवेना. "अकरा वर्षं असाच हिंडतोयस? सगळे शिंपी मेले होते का?"

"घरात शिंपी असताना बाहेर कशाला जायचं?"

मी खिशात हात घातला. सुईदोरा खिशात असतोच.

"कोट काढ."

"थंडी आहे."

"मग हलू नकोस."

पुठ्ठ्यावरचं बटण काढून लावलं, खाली नेहमीच्या दुप्पट वेढे दिले. दोरा दातांनी तोडायला गेलो तर कपाळ त्याच्या छातीला टेकलं. दोरा लवकर तुटेना. चांगल्या प्रतीचा होता.